आठव्या मजल्याची किल्ली

पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल ओतलं, त्यावर थोडं पेट्रोल शिंपडलं आणि लांब काठीला बांधलेला पेटता बोळा टेकवला. भडका उडाला तशी मुलं किंचाळत मागे सरली. काकांनी लाल सिलिंडरची पिन ओढली, "ज्वाळेवर नाही, आगीच्या बुडाशी मारायचं!" असं ओरडत झाडू मारल्यासारखी नळी डावीउजवीकडे फिरवली आणि दहा सेकंदांत खेळ खलास झाला. टाळ्या पडल्या. पांढऱ्या पावडरचा थर आवारातल्या तुळशीवर आणि दोन स्कूटरवर बसला. वड्यांची परात कुणीतरी वेळेवर झाकली होती म्हणून बरं.

१४ एप्रिल. आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणजे माणसं घरी. तरीही ठाण्यातल्या त्या चौदा मजली इमारतीतल्या छप्पन्न घरांतून प्रात्यक्षिकाला खाली उतरली ती मोजून बावीस माणसं, आणि त्यांतली नऊ शाळकरी मुलं. बाकीच्यांनी गॅलरीतून पाहिलं. पाहिलं म्हणजे मोबाइलमध्ये टिपलं.

काका मुंबई अग्निशमन दलातून स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. १४ ते २० एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो आणि नोकरीतली सवय अशी की या आठवड्यात त्यांना घरी चैन पडत नाही. शाळा, सोसायट्या, मंगल कार्यालयं, जिथून बोलावणं येईल तिथे ते जातात. त्यांची पुतणी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातून फायर इंजिनिअर झालेली आणि आता एका लायसन्सधारक एजन्सीत काम करते. इमारतींचे पंप, पाइप, अलार्म तपासायचे आणि चालू असल्याचं लिहून द्यायचं, हा तिचा रोजचा धंदा. दोघांचं घराणं एक, विषय एक. एकमत मात्र चहात साखर किती घालावी यावरही होत नाही.

पंपरूमबाहेरच्या बाकावर दोघं वडे घेऊन बसले तेव्हा तिनेच तोंड उघडलं.

"छान झाला तमाशा, काका."

"तमाशाला निदान गर्दी होते गं."

"मी थट्टा करत नाहीये. त्या ट्रेमधली आग तुम्ही लावली, तुम्हीच विझवली. कुणाच्या घरात अशी चौकोनी आग लागते? आणि हे पंपरूम बघा. कुलूप गंजलंय. तुम्ही बाहेर सिलिंडर उडवून दाखवताय आणि आतला पंप सुरू होतो की नाही, हे बावीसपैकी एकानेही विचारलं नाही."

"तू विचार की. तुझाच धंदा आहे तो."

"माझा धंदा आहे म्हणूनच सांगते. २००६चा महाराष्ट्राचा कायदा स्वच्छ आहे. आगप्रतिबंधक यंत्रणा बसवायची आणि चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्सवाल्या एजन्सीकडून तपासून ‘फॉर्म बी’ द्यायचा. धोका दिसला तर इमारत रिकामी करायला लावायचा, वीज-पाणी तोडायचा अधिकार दलाकडे आहे. तो वापरा ना! दहा इमारतींचं पाणी तोडा, अकरावी आपोआप शिकेल. शिक्षणाच्या नावाखाली तुम्ही जबाबदारी बिल्डर आणि कमिटीच्या खांद्यावरून काढून शाळकरी पोरांच्या खांद्यावर ठेवता."

काकांनी वड्याचा तुकडा मोडला. "भोगवटादार म्हणजे कोण गं? बिल्डर तर कधीच गेला. या सोसायटीत मालक म्हणजे वरून व्हिडिओ काढणारी तीच मंडळी. त्यांना हे ठाऊकच नसेल तर तुझा कायदा कुणाच्या दारात नेऊन ठेवायचा?"

मुद्दा बिनतोड होता. पण पुतणीकडे त्याहून जड असं काही होतं आणि तिने ते आवाज न चढवता मांडलं.

"भंडारा. ९ जानेवारी २०२१. जिल्हा रुग्णालयातला नवजात बालकांचा कक्ष, मध्यरात्र उलटून गेलेली. दहा बाळं गेली. त्यांना तुम्ही काय शिकवणार होतात, काका? पिन ओढा, बुडाशी मारा?"

थोडा वेळ दोघंही बोलले नाहीत. आगीच्या सुरक्षेवर बोलताना ‘नागरिकांनी जागरूक राहावं’ हे वाक्य जिथे पार निरर्थक ठरतं अशा जागा असतात आणि तो कक्ष त्यांतली पहिली. काकांनाही ते मान्य असावं. पण त्यांनी त्याच रात्रीची दुसरी बाजू काढली.

"त्याच कक्षातली सात बाळं वाचली. ती चालत बाहेर आली नाहीत. कुणीतरी धुरात शिरलं, दार कुठे, खिडकी कुठे हे चाचपलं आणि उचलून आणलं. त्या माणसांना आधी दहा वेळा त्या वाटेने चालवलं असतं तर? आणि तुझ्या तपासणीचंही सांगतो. भंडाऱ्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. दहाच महिन्यांनी, ६ नोव्हेंबरला, नगरच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण गेले. कागद फिरला म्हणजे पंप फिरला, असं नसतं ना?"

"नसतं," ती म्हणाली, आणि क्षणभर तिचा सूर उतरला. "आमच्या धंद्यात कोण कसं सह्या करतं ते मला माहीत आहे. पंपरूमची किल्ली सापडत नाही म्हणून बाहेरूनच ‘सुस्थितीत’ लिहून जाणारे आहेत."

ही कबुली महत्त्वाची, कारण एरवी असे वाद दोन ठरीव बाजूंनी चालतात. एक म्हणतो लोक बेफिकीर आहेत, दुसरा म्हणतो यंत्रणा सडलेली आहे, आणि दोघंही आपापल्या घरी शांत झोपतात. इथे मात्र दोघांनाही आपल्याच बाजूची भोकं माहीत होती.

काकांनी मग त्यांचा हुकमाचा पत्ता काढला. परळचा क्रिस्टल टॉवर, २२ ऑगस्ट २०१८ची सकाळ, बकरी ईदची सुट्टी. बाराव्या मजल्यावर आग लागली आणि धूर वर चढत गेला. दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेलं आठवून सुती कापड भिजवलं, आजूबाजूच्यांना नाकातोंडावर धरायला दिलं, घाबरलेल्यांना शांत केलं. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. "अर्ध्या तासाचा शाळेतला तास, आणि इतकी माणसं! याला तमाशा म्हणशील?"

"त्या मुलीला मी साष्टांग नमस्कार घालीन. पण तिला फडकी का भिजवावी लागली, तेही सांगा ना मुलांना! त्या इमारतीतली आग विझवायची यंत्रणा बंद होती. चार माणसं गेली तिथे. आणि ओल्या फडक्याचंही खरं सांगा. काजळी अडते, डोळ्यांची आग थोडी कमी होते. कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. तो वायू दिसत नाही, वास येत नाही, रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो आणि माणूस पाय उचलायचाच विसरतो. फडकं म्हणजे चार-दोन मिनिटांची उसनवारी. ती मिनिटं जिन्याच्या दारापर्यंत पोचायला वापरायची, बसून राहायला नाही. कमला मिलमध्ये २०१७च्या डिसेंबरात चौदा जण गेले. त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात गुदमरले. पाणी तिथे होतंच की, काका."

काका गप्प. वर्षानुवर्षं त्यांनी शाळाशाळांतून ‘ओला रुमाल’ सांगितला होता. रुमालाच्या पुढचं वाक्य प्रत्येक वेळी सांगितलं होतं का, हे आता त्यांनाही आठवेना.

सेक्रेटरी चहा घेऊन आले, "काय चर्चा चाललीय?" म्हणून हसले आणि पंपरूमचा विषय कानावर पडताच कुणाचा तरी फोन आल्यासारखे बाजूला झाले.

"लंडनचा ग्रेनफेल टॉवर घ्या," पुतणी आता थांबायला तयार नव्हती. "जून २०१७, चोवीस मजले. तिथल्या लोकांना शिकवलेलं होतं की दुसऱ्याच्या घरात आग लागली तर आपल्या घरात दार लावून थांबा. सल्ला चुकीचा नव्हता. प्रत्येक घर आग अडवणाऱ्या भिंतींनी वेगळं केलेलं असेल तर तो बरोबरच असतो. पण त्या इमारतीला बाहेरून जळणारं आवरण चढवलं होतं. आग भिंतीच्या बाहेरून वर गेली. एक वाजण्याच्या सुमारास पेटलेल्या इमारतीतल्या लोकांना ‘थांबू नका, बाहेर पडा’ हे सांगायला पावणेतीन वाजले. बहात्तर माणसं गेली. शिकवणीत खोट नव्हती, इमारतीत होती. म्हणून म्हणते, आधी इमारत दुरुस्त करा, मग वर्ग भरवा."

यावर काकांचं उत्तर लगेच आलं नाही, आणि आलं तेव्हा ते उत्तरासारखं नव्हतंच.

"आज १४ एप्रिल का, माहीत आहे ना?"

"गोदी."

"गोदी. १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या हजारो गाठी. दुपारी धूर दिसला. आपली माणसं डेकवर चढून पाणी मारत राहिली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान गेले. त्यांच्यापेक्षा आग कुणाला जास्त कळत होती?"

"तेच तर! तो दोष कापूस आणि दारूगोळा एकत्र भरणाऱ्यांचा."

"आहेच. पण आणखी एक. जहाजात स्फोटकं असली की लाल बावटा लावायचा असतो. त्या जहाजावर तो लावलेला नव्हता. त्यामुळे शेजारच्या जहाजांना कळलं नाही, गोदीतल्या मजुरांना कळलं नाही. धूर बघत उभी राहिली माणसं. गोदीत धूर काही नवा नव्हता. आपण कशाच्या शेजारी उभे आहोत, एवढंच त्यांना कळलं असतं तर पळाली असती."

काकांचा ‘शिक्षण’ हा शब्द इथे थोडा सरकला. ट्रेमधली आग विझवण्यापासून तो आपण कशाच्या शेजारी राहतो इथपर्यंत आला. पुतणीच्याही ते लक्षात आलं असावं. निदान ती लगेच तुटून पडली नाही.

"काळबादेवी आठवतं तुला?" काका पुढे म्हणाले. "९ मे २०१५. जुनी इमारत, आत आग, आणि ती कोसळली. दलाचे चार अधिकारी गेले. दोघं त्याच दिवशी, दोघं पुढे हॉस्पिटलमध्ये. खुद्द मुख्य अग्निशमन अधिकारी त्यांत होते. त्यानंतर मी ठरवलं की जी वर्दी येऊच नये तिच्यासाठी काम करायचं. आलेल्या वर्दीवर जाणारे पुष्कळ आहेत."

दलात आगीच्या खबरीला ‘वर्दी’ म्हणतात. अंगावरच्या गणवेशालाही वर्दीच. काकांच्या तोंडी हे दोन अर्थ इतके मिसळून गेलेले की कधीकधी ऐकणाऱ्याला संदर्भ लावावा लागतो.

"आणि वर्दी कुठून येते? तुझे मॉल, टॉवर, हॉस्पिटलं पेपरात येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा बघ, २०२२मध्ये देशात आगीच्या अपघातांत ७,४३५ माणसं गेली. निम्म्याहून जास्त आगी राहत्या घरांतल्या. म्हणजे स्वयंपाकघर, देवघर, पलंगाखालचं एक्स्टेंशन बोर्ड. तिथे तुझा फॉर्म बी येतो का?"

"नाही येत." ती हसली. "आमची हद्द फ्लॅटच्या दाराशी संपते."

"माझी तिथे सुरू होते."

आणि मग काका रंगात आले. या भागात ते खरोखरच वाकबगार आहेत. कढईतलं तेल पेटलं की बाईमाणूस असो की बुवा, पहिला हात पाण्याच्या तांब्याकडे जातो. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं आणि क्षणात वाफ होतं. वाफेला पाण्याच्या सतराशेपट जागा लागते. ती जागा मिळवायला ती पेटतं तेल छतापर्यंत उडवते. करायचं काय, तर गॅस बंद, वर मोठं झाकण किंवा परात सरकवायची आणि ती उचलून बघायची घाई करायची नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड म्हणून तो ओट्याखाली, जमिनीलगत साठतो. रात्री वास आला तर दिवा लावून बघायचं नाही आणि पंखाही लावायचा नाही, कारण बटणातली ठिणगी पुरते. आधी रेग्युलेटर बंद, मग दारंखिडक्या उघड्या, आणि १९०६ला फोन बाहेर जाऊन करायचा. "रात्री शेगडीचं बटण सगळे बंद करतात. रेग्युलेटर किती जण बंद करतात, ते दर सोसायटीत हात वर करायला लावून मोजतो. हात मोजायला एकाच हाताची बोटं पुरतात. आणि भाजल्यावर टूथपेस्ट! आपल्याकडे पेस्ट दातांपेक्षा भाजलेल्या हातालाच जास्त लागत असेल. अगं, नळ सोडा, वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ नको, हळद नको, काही नको."

"हे सगळं पटतं," पुतणी म्हणाली. "पण मग आज यांतलं एकही का नाही दाखवलंत? ट्रे पेटवलात."

"लोकांना भडका बघायचा असतो."

"तुम्हालाही दाखवायचा असतो."

काका ओशाळले. ट्रेच्या भडक्याइतकं आकर्षण कुठल्याही रेग्युलेटरला नाही आणि कुठलंही दल सप्ताहाच्या फोटोत रेग्युलेटर छापणार नाही. अग्निसुरक्षेचा प्रचार थोडासा आगीच्याच प्रेमात पडलेला असतो, हे म्हटलं तर खटकेल, पण खोटं नाही.

तेवढ्यात बाकाच्या टोकाशी कधीपासून बसलेल्या एका आजींनी घसा साफ केला. नऊवारी नाही, साधं गाऊनवर ओढणी असलेलं शहरी आजीपण. गुडघ्याला पट्टा. प्रात्यक्षिकाला उतरलेल्या बावीसांतल्या त्या एक.

"तुमचं दोघांचं ऐकतेय मघापासून. एक विचारू? आग लागली की लिफ्ट वापरायची नाही म्हणता. मी नवव्या मजल्यावर राहते. लिफ्टने खाली आले. जिने मला उतरवत नाहीत. माझं काय?"

काकांनी सवयीने तोंड उघडलं आणि बंद केलं. लिफ्ट का नको, याचं कारण ते झोपेतही सांगतील. वीज गेली की ती अधांतरी अडकते आणि तिचा उभा बोगदा म्हणजे धुराचं धुराडं. पण आजींनी ते विचारलंच नव्हतं.

उत्तर पुतणीने दिलं. "आजी, तुमच्या इमारतीत आठव्या मजल्यावर रेफ्युज एरिया असणार. एका बाजूने उघडी, मोकळी जागा. ती तुमच्यासारख्यांसाठीच सोडायला लावतात. आग खालच्या मजल्यावर असो की वरच्या, तिथे हवा मिळते, आणि बंबाची शिडी आली की दलाचे जवान आधी तिथेच बघतात. तुम्हाला नऊ जिने उतरायचे नाहीत. एकच उतरायचा आहे."

"आठव्यावर?" आजी बघतच राहिल्या. "ती जाळीची खोली? पंधरा वर्षं झाली मला इथे. मला वाटायचं बिल्डरची राहिलेली जागा आहे."

"कुणी सांगितलं नाही?" काकांनी विचारलं.

"कोण सांगणार? तुम्ही आज पहिल्यांदाच आलात, आणि तुम्ही ते डिझेल पेटवलंत."

पुतणीने काकांकडे पाहायचं टाळलं. ही तिची दया होती. कारण या एका प्रश्नात तिचाही पराभव होताच. इमारतीच्या नकाशात ती जागा होती, मंजुरी मिळाली तेव्हा होती, दर सहा महिन्यांच्या कागदातही असणार. जिच्यासाठी होती तिला तेवढी माहीत नव्हती.

"चला, बघून येऊ," काका उठले. "आजी, लिफ्टने नवव्यावर जाऊ, मग तुम्ही घरापासून उतरून दाखवा. घाई नाही. आज आग नाही."

आजींच्या दारापासून जिन्याच्या दारापर्यंत अकरा पावलं भरली. पुतणीने आजींना डोळे मिटून भिंतीला हात लावत चालायला सांगितलं, कारण धुरात दिसणार काहीच नाही. वाटेत शेजाऱ्यांचं चपलांचं कपाट आडवं आलं, आजींचा हात त्याला अडखळला. कपाटाची मालकीण दारात उभी होती, तिने काही न बोलता ते ओढून भिंतीला लावलं. जिन्याचं दार विटेचा तुकडा लावून सताड उघडं ठेवलेलं. "वारा येतो म्हणून," कुणीतरी म्हणालं. "धूरही तसाच येतो," म्हणत काकांनी वीट पायाने सरकवली. दार स्वतःहून मिटलं, बिजागरीने कुरकुर केली. मागोमाग आलेली मुलं आता व्हिडिओ काढायचं विसरली होती. ती पायऱ्या मोजत होती. कठड्याला धरून आजी अठरा पायऱ्या उतरल्या. चार मिनिटं लागली, मध्ये एकदा थांबून.

आठव्या मजल्यावर लोखंडी जाळीचं दार होतं आणि दाराला कुलूप. जाळीतून आतलं दिसत होतं. गेल्या गणपतीचं थर्माकोलचं मखर, दोन मोडक्या सायकली, गुंडाळलेली सतरंजी, रंगाचे रिकामे डबे आणि कुणाच्या तरी लग्नातला मंडपाचा कपडा. पलीकडे मोकळ्या बाजूने ऊन आणि वारा दोन्ही येत होतं.

"थर्माकोल आणि रंगाचे डबे," पुतणी हळूच म्हणाली. "आसरा घ्यायच्या जागेत."

"किल्ली?" काकांनी विचारलं.

वॉचमन म्हणाला, सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी म्हणाले, चेअरमनकडे, आणि चेअरमन सुट्टीसाठी लोणावळ्याला. मग सेक्रेटरींना आठवलं की एक जादा किल्ली पंपरूमच्या खिळ्याला असायची. पण पंपरूमचं कुलूप तर गंजलेलं. दोन मुलं खोबरेल तेलाची बाटली घेऊन खाली धावली, जिन्याने.

पुतणीने बॅगेतून वही काढली आणि जाळीसमोर उभी राहून तारीख घातली. काकांनी मुलांमागून हाक दिली की पंपरूम उघडलंच तर हात काही लावू नका, मला बोलवा, आपण पंप चालू करून बघू.

आजी शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या, गुडघ्याचा पट्टा सैल करत.

"शोधा सावकाश," त्या म्हणाल्या. "मी इथेच आहे. आणि आत माझी एक खुर्ची ठेवा, प्लास्टिकची नको."